पाटावरचा लॅपटॉप

“मेकॅनिक कुठंय?”

शहापूरच्या बाजारात कॉम्प्युटरचं दुकान थाटून मला बावीस वर्षं झाली. नव्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न अजूनही हाच असतो. काउंटरमागे पदर खोचून, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेली बाई त्याला दिसत असते, तरी तो माझ्या खांद्यावरून मागच्या पडद्याकडे बघत राहतो. पूर्वी मला राग यायचा. आता मी सांगते, “जेवायला गेलाय, तोवर मला दाखवा.” मशीन चालू करून हातात दिलं की माणूस निमूट निघतो. काहीजण तर जाताना मेकॅनिकला नमस्कार सांगून गेलेत.

त्याआधी मी टायपिंगच्या क्लासात शिकवत होते. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. ते बिघडले की दुरुस्तीला ठाण्याहून माणूस यायचा, आठ-आठ दिवस यायचाच नाही. एकदा कंटाळून मीच झाकण उघडलं. आत बघितलं आणि मनात म्हटलं, एवढंच ना? शिवणयंत्र यापेक्षा अवघड असतं. तो तोरा अजून उतरलेला नाही.

सुटे भाग आणून डेस्कटॉप जोडून देणं हा माझा खरा धंदा. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मी जोडलेली किती मशीनं चालतायत याचा हिशेब मी ठेवलेला नाही, पण बँकेत, शाळेत, सेवा केंद्रात गेले की टेबलाखाली डोकावून बघते. माझी गाठ मला लगेच ओळखू येते. मागच्या वायरी मी वेणी घातल्यासारख्या बांधते.

डेस्कटॉपवर माझा जीव आहे, कारण तो माणसाचं सगळं सहन करतो. किन्हवलीकडच्या एका भातगिरणीवाल्यांचं मशीन आलं होतं. झाकण काढलं तर आत दोन ओंजळी कोंडा. ब्लोअर मारला तशी दुकानासमोर धूळच धूळ झाली, शेजारचा केळीवाला मला काय काय बोलला ते इथे लिहिता येणार नाही. झाकण लावलं, बटण दाबलं, मशीन सुरू. गिरणीवाले म्हणाले, “बाई, आमच्या गिरनीचं इंजिन पन एवढं चिवट नाय.” ते मशीन अजून चालू आहे. आता दर वर्षी ते स्वतःच ब्लोअर मारतात आणि मला फोन करून सांगतात, “मारला हो.”

लॅपटॉपचं तसं नाही. विशेषतः गेमिंगचा लॅपटॉप. ‘गेमिंग’ म्हटलं की आईबाप दचकतात, पोरगं वाया जाणार म्हणून. पण ज्या चिपमुळे खेळातली गाडी खऱ्यासारखी पळते, तीच चिप न बांधलेलं घर पडद्यावर उभं करते, त्यात ऊन पाडते, दारं उघडते. त्या चिपला भरपूर वीज लागते आणि वीज खाल्ली की ती तापते. डेस्कटॉपच्या पेटीत वारा खेळायला जागा असते, वीतभर रुंदीचे पंखे बसतात. लॅपटॉपात तीच आग दोन बोटं जाडीच्या डब्यात कोंबलेली असते. म्हणून कंपनी तिला कमी वीज देते. नाव दोन्हीकडे तेच छापलेलं असतं, पण एकाला ताटभर वाढलेलं असतं आणि दुसऱ्याला वाटीभर. शिवाय डेस्कटॉपचा पंखा गेला तर कुठलाही आणून लावता येतो. लॅपटॉपला त्याच्याच मॉडेलचा लागतो. हे सगळं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते. ऐकायचं नसलं तरी ऐकवते.

सुजातालाही ऐकवलं होतं.

फेब्रुवारीत ती वडिलांना घेऊन दुकानात आली. टोकावड्याजवळच्या एका गावची मुलगी, पंचविशीची. दोन वर्षं वाशिंदला मावशीकडे राहून एका कारखान्यात पॅकिंगचं काम केलेलं आणि सुट्टीच्या दिवशी कल्याणला जाऊन घरांची चित्रं कॉम्प्युटरवर उभी करायचा कोर्स केलेला. वडील शेती करत आणि शेती नसेल तेव्हा बांधकामावर सेंट्रिंगला जात. मुरबाडचे एक शेठ टोकावड्याच्या वर डोंगराला फार्महाउसचे प्लॉट पाडत होते. मुंबईहून येणाऱ्या गिऱ्हाइकाला जागेवरच, मोकळ्या माळावर उभं करून, “हे तुमचं घर” असं पडद्यावर फिरवून दाखवणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. सुजाताला त्यांनी उन्हाळाभर बघतो म्हणून सांगितलं होतं. पसंत पडली तर मुरबाडच्या ऑफिसात कायमची नोकरी. नाही पडली तर परत वाशिंद आणि पॅकिंग.

मी म्हटलं, “डेस्कटॉप घे. याच पैशात दीडपट काम करील. दहा वर्षं टिकेल. बिघडला तर मी बसलेय.”

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाई, डेस्कटॉप भारी, मला मान्य हाय. पन तो डोंगरावर कोन नेनार? तिथं लाइट नाय. घरी लाइट हाय तर ती दिवसातनं चार वेळा जाते. मला एसटीनं जायचंय.”

“यूपीएस लावू.”

“एवढ्या मोठ्या मशीनला यूपीएस दहा मिनिटं पुरतो, तुमीच आता सांगितलंत.”

सांगितलं होतं खरं. वडील हसले. मी जरा फणकाऱ्यानेच लॅपटॉप मागवून दिला.

आता माझा एक रिवाज सांगायला हवा. नवीन मशीन माझ्या दुकानातून पूजेशिवाय बाहेर पडत नाही. पाटावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, वर हळद-कुंकू लावलेल्या अक्षता, त्यावर मशीन ठेवायचं, फूल वाहायचं आणि बटण दाबायचं. मग तसंच पाटावर अर्धा तास त्याला पूर्ण ताण देऊन चालवायचं, म्हणजे काही दोष असेल तर दुकानातच कळतो. पूजाही होते आणि परीक्षाही. बावीस वर्षांत एकाही मशीनला त्याने काही झालं नव्हतं. सुजाताच्या लॅपटॉपचीही पूजा केली. पंखे जोरात घोंगावले, मी खूश झाले. तिच्या कपाळाला कुंकू लावायला हात पुढे केला तर ती अर्धं पाऊल मागे सरली. हल्लीच्या मुलींना आवडत नाही, असं मी मनात म्हटलं आणि पेढा दिला. तो तिने घेतला.

मार्चपासून तिचे फोन यायला लागले. “बाई, लय तापतंय. वीस मिनिटांत हळू होतंय. आनि आतून टक-टक आवाज येतो.”

मी विचारलं, “गोधडीवर ठेवतेस ना?”

“नाय ओ, टेबलावर.”

“मग चुलीजवळ बसत असशील.”

“चूल बाहेर पडवीत हाय.”

मी विश्वास ठेवला नाही. लॅपटॉप तापला म्हणजे माणूस तो अंथरुणावर ठेवत असणार, हा माझा अनुभव, आणि अनुभवी माणसाला समोरच्याचं ऐकायची सवय राहत नाही. मी तिला लॅपटॉपखाली दोन विटा लाव म्हटलं, तिने लावल्या. खिडकीत बस म्हटलं, बसली. नंतर कळलं की मोठं चित्र तयार होत असेल तेव्हा तिची आई शेजारी बसून लॅपटॉपला सुपाने वारा घालायची. मी मात्र प्रत्येक फोनला शेवटी ऐकवायचे, “तरी मी डेस्कटॉप घे म्हणत होते.”

मेच्या एका रविवारी शेठनी मुंबईची दोन कुटुंबं जागेवर आणली. सुजाताने पडद्यावर घर उघडलं, फाटकातून आत नेलं, पायऱ्या चढवल्या, आणि ओसरीवर चित्र थांबून थांबून चालायला लागलं. मग पडदाच काळा झाला. माणसं उन्हात उभी. शेठ तिला सगळ्यांसमोर म्हणाले, “मशीन काय करील, चालवनारा पायजे. येत्या रविवारी अजून एक पार्टी हाय. तेवढा एक चान्स देतो.”

सोमवारी सकाळी ती पहिल्या एसटीने दुकानात आली. आदळआपट नाही, तक्रार नाही. पिशवीतून लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, “बाई, एकदा उघडून बघा. मी काय सांगते त्याच्यावर जाऊ नका, आत बघा.”

मी खालचं झाकण काढलं.

वारा बाहेर पडतो तिथे तांब्याच्या पत्र्याच्या कंगव्यासारख्या बारीक फटी असतात. त्या सगळ्या बुजल्या होत्या. धूळ होतीच, पण धुळीच्या खाली लालभडक थर. बोट लावलं तर बोटाला कुंकू आलं. एका पंख्याच्या पात्यांत तांदळाची लाल कणी अडकली होती आणि एक पातं तुटलं होतं. टक-टक तिचीच.

माझा पारा चढला. “पाडव्याला पूजा केलीस ना यावर? अगं, मशीन चालू ठेवून कुंकू टाकतं का कोणी? एवढी शिकलेली मुलगी तू!”

ती हळू आवाजात म्हणाली, “बाई, आमी बौद्ध. आमच्या घरात कुंकूच नाय.”

“मग हे आलं कुठून?”

तिची नजर कोपऱ्यात भिंतीला टेकवलेल्या पाटाकडे गेली, आणि माझीही.

बावीस वर्षांत डेस्कटॉपला काही झालं नाही, कारण त्याची पेटी पायांवर उभी असते आणि वारा पुढून घेते. लॅपटॉप वारा घेतो पोटाखालून. मी त्याच्या नाकाखाली कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं आणि वर अर्धा तास त्याला छाती फुटेस्तोवर पळवलं होतं. दोन तालुक्यांना मशीन कसं ठेवावं हे शिकवणारी मी. मला कानकोंडं झालं. पण खरं सांगायचं तर कुंकू आत गेल्यापेक्षाही दुसरी गोष्ट जास्त लागली. ती अर्धं पाऊल मागे सरली होती, मला दिसलं होतं, आणि का सरली हे मी विचारलं नव्हतं.

“तेव्हा बोलली का नाहीस गं?”

“तुमी मनापासनं करत व्हतात. बाबा म्हनले, बाईंचा रिवाज हाय, राहू दे.”

मी म्हटलं, “माझं चुकलं, सुजाता. दोन्ही बाबतींत चुकलं. आणि फोनवर तुला नाही नाही ते बोलले, ते तिसरं.”

“ते राहू द्या. रविवारपरेंत व्हईल का?”

तिच्या दृष्टीने प्रश्न तेवढाच होता आणि तो बरोबर होता.

फटी साफ करायला वेळ लागला नाही. बारीक ब्रश, ब्लोअर, स्पिरिट, चिपवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट. अडलं ते पंख्याशी. त्या मॉडेलचा पंखा कंपनीकडून यायला पंधरा दिवस. डेस्कटॉप असता तर मी स्टुलावर चढून माळ्यावरून काढून दिला असता. हे मी तोंडाने बोलले नाही, एवढी सुधारणा माझ्यात त्याच दिवशी झाली. म्हटलं, “माझा दुकानातला डेस्कटॉप, मॉनिटर आणि जनरेटर टेम्पोत घालून डोंगरावर नेऊ. मी येते.”

ती म्हणाली, “जनरेटरच्या आवाजात मी काय बोलू? बाई, माझंच मशीन नीट करा.”

बुधवारी दुकान बंद ठेवून मुंबईच्या बाजारात गेले. तीन दुकानांनी हात हलवले. चौथ्यात एका पाणी पडून मेलेल्या लॅपटॉपमधला पंखा मिळाला. नंबर जुळला तेव्हा मी दुकानदाराला आशीर्वाद दिला, तो बावरला. गुरुवारी पंखा बसवला आणि मशीनला एक तास पूर्ण ताण देऊन ठेवलं. या वेळी काउंटरच्या मोकळ्या काचेवर. पूर्वी वीस मिनिटांत नव्वद अंशांच्या वर जाणारा तापमानाचा काटा ऐंशीपाशी थांबला आणि तासभर तिथेच राहिला. टक-टक बंद.

पण एक गोष्ट उरतेच. गेमिंगचा लॅपटॉप बॅटरीवर चालवला की त्याचा जोर निम्मा होतो, आणि तोही तासाभराच्या आत संपतो. हा बिघाड नव्हे, त्याचा स्वभाव. ते मी तिला समजावून सांगायला लागले तर तिला आधीच माहीत होतं. शनिवारी ती दुकानात येऊन बसली आणि वायर काढून, बॅटरीवर, तिने सबंध घर तीनदा फिरून बघितलं. जिथे चित्र अडखळेल तिथे काहीतरी काढून टाकायची. अंगणातल्या सागाची निम्मी पानं काढली. गवत फक्त पायवाटेपुरतं ठेवलं. मी विचारलं, “पानं कमी झालेली कळणार नाहीत?”

“मे महिना हाय, बाई. खऱ्या झाडांना तरी कुठं हायत?”

मी चाळीस वर्षांच्या नोकरी-धंद्यात इतकं सरळ उत्तर फार कमी ऐकलंय.

रविवारी मी तिच्याबरोबर गेले. तिने बोलावलं नव्हतं. टोकावड्यापासून शेठची जीप वर घेऊन गेली. उतारावर आखलेले प्लॉट, चुन्याच्या रेघा, एक करवंदीची जाळी आणि समोर माळशेजचे कडे. शेठनी मंडप घातला होता. मुंबईचं एक कुटुंब आलं होतं, म्हातारी आई, मुलगा, सून. सुजाताने लॅपटॉप टेबलावर ठेवला, खाली दोन लाकडी पट्ट्या सरकवल्या आणि सुरू केलं.

मी मागे उभी राहून पंख्याचा आवाज ऐकत होते. दुसरं मला काही ऐकू येत नव्हतं. फाटक, पायऱ्या, ओसरी. मागच्या रविवारी जिथे बंद पडलं होतं ती ओसरी पार झाली. मुलाने पायऱ्यांची उंची विचारली, सुनेने कपाटं. म्हाताऱ्या आजींनी विचारलं, “ओट्याशी उभं राहिलं तर मला डोंगर दिसेल का?”

सुजाताने आजींना ओट्याशी नेलं आणि खिडकीकडे वळवलं. खिडकीत समोरचेच कडे होते. आजींनी पडद्याकडे बघितलं, मान वर करून खऱ्या डोंगराकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे.

“आणि संध्याकाळी?”

हे आधी तयार करून ठेवलेलं चित्र नव्हतं. सूर्य हलवायचा म्हणजे प्रत्येक सावली मशीनने जागेवर नव्याने मोजायची. पंखे चढले, आवाज वाढला. बॅटरी अठरा टक्के. चित्र एकदा अडखळलं. मग स्वयंपाकघरात तिरकं, पिवळं ऊन पडलं, ओट्यावरून सरकत भिंतीवर चढलं. आजी म्हणाल्या, “असंच पाहिजे मला.”

सगळं संपलं तेव्हा बॅटरी नऊ टक्के होती. प्लॉट त्यांनी तिथेच पक्का केला.

पाहुणे चहा प्यायला गेले. शेठ खुशीत होते, पण शेठच ते. म्हणाले, “आज चाललं. मंग मागल्या रविवारी काय झालं व्हतं? मशीन तर तेच हाय. हिचंच काहीतरी चुकलं असंल.”

सुजाता वायर गुंडाळत राहिली. तिने माझं नाव घेतलं नाही, आणि मी गप्प बसले असते तर तिने ते कधीच घेतलं नसतं. ज्या शेठच्या ऑफिसात उद्या माझी मशीनं जाऊ शकत होती, त्यांच्यासमोर बावीस वर्षांचं नाव पणाला लावायची वेळ आली होती. जिभेला जड गेलं, लपवत नाही.

“तिचं नाही, माझं चुकलं,” मी म्हटलं. “विकताना मी पूजा केली, चालू मशीनखाली कुंकू ठेवलं. ते आत गेलं. तिने तीन वेळा फोन करून सांगितलं, मी तिलाच बोल लावला.”

शेठ हसले. “देवाचं केलंत ते, बाई. त्यात चूक कसली?”

“चूकच. त्यांच्याकडे असली पूजा करतात का, हे मी तिला विचारायला हवं होतं. आणि कुंकू पंख्यात जातं, हे मला न विचारता कळायला हवं होतं.”

शेठ हसायचे थांबले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग तिला म्हणाले, “सुजाता, एक तारखेपास्नं हापिसात ये. आनि आल्या आल्या पहिलं काम सांगतो. हापिसात सहा मशीनं घ्यायचीत. कुनाकडनं घ्यायची ते तूच सांग. तुला ठावं हाय, तुझ्यावर बेतलं व्हतं.”

मी तिथेच उभी होते. जीप खाली उभी, जायला दुसरी वाट नाही. तिने वायर पिशवीत ठेवली, चेन लावली आणि मग मान वर केली.

“बाईंकडनंच घ्या,” ती म्हणाली. “चुकलं तर सांगतात. आनि लॅपटॉप नको, डेस्कटॉप घ्या. हापिसात एका जागी बसनाऱ्याला लॅपटॉप कशाला? तेवढ्याच पैशात दीडपट काम करील, दहा वर्षं टिकंल.”

माझेच शब्द, माझ्याच ठसक्यात. शेठ मान डोलवत होते. मी चष्मा काढून पदराने पुसायला लागले, पण काचा स्वच्छच होत्या.